उमेदवारी कशासाठी?

विधानसभेच्या निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. तो कोणत्या पक्षाचा, कोणत्या जातीचा, आणि निवडून येण्याइतके बळ त्याच्यापाशी आहे काय? उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरील खटले यांची नोंद असते. मात्र हा गृहस्थ विधानसभेतच का जाऊ इच्छितो, हा सर्वांत साधा प्रश्न त्याला अर्जही विचारीत नाही आणि बहुधा मतदारही विचारीत नाहीत. खेदाची गोष्ट अशी की, उमेदवार निश्चित करण्यासाठी बसणाऱ्या पुरोगामी पक्षांच्या बैठकांतही या प्रश्नाला पुरेसा वेळ मिळत नाही. मतदारसंघ आपल्याला सुटणार की मित्रपक्षाला, खर्च कसा भागणार, समोर कोण उभा राहणार, यातच बैठक संपते.

विचारलेच तर उत्तरे ठराविक मिळतात. लोकांचा आग्रह आहे, जनतेची सेवा करायची आहे, मतदारसंघाचा विकास करायचा आहे. पहिली दोन उत्तरे सभ्यतेची म्हणून सोडून देता येतील. तिसरे उत्तर मात्र तपासून पाहिले पाहिजे, कारण तेच आज सर्वमान्य झाले आहे आणि तेच सर्वांत फसवे आहे.

विकासाच्या नावाखालील चार आणे

विकास करायचा म्हणजे काय, असे विचारले असता रस्ता, गटार, सभामंडप, व्यायामशाळा, स्मशानभूमीची भिंत अशी यादी पुढे येते. ही कामे करण्याचे प्रमुख साधन म्हणजे आमदारांचा स्थानिक विकास निधी. महाराष्ट्रात हा निधी २०२२ साली प्रत्येक आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ असे ३६६ सदस्य धरले, तर ही रक्कम १,८३० कोटी रुपये होते. आकडा डोळे दिपवणारा वाटतो. परंतु राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता. म्हणजे शंभर रुपयांतील जेमतेम चार आण्यांचा विनियोग आमदाराच्या शिफारशीने होतो. उरलेले पावणेशंभर रुपये कोठून गोळा करायचे, कोणाकडून किती घ्यायचे आणि कोणासाठी खर्च करायचे, याला मंजुरी देण्याचा अधिकार विधानसभेचा आहे. राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदानुसार खर्चाची मागणी मंजूर करणे, नाकारणे किंवा तीत कपात करणे हे विधानसभेच्या हाती असते. ज्या उमेदवाराची दृष्टी चार आण्यांवर खिळलेली असते, तो पावणेशंभर रुपयांवरचा जनतेचा हक्क निवडून येण्यापूर्वीच सोडून देतो. अर्थसंकल्पी अधिवेशनात अनेक खात्यांच्या मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेविना मतास टाकल्या जातात आणि मंजूर होतात. त्याबद्दल सभागृहात फारसे कोणी अस्वस्थ होत नाही, याचे मूळ येथे आहे.

शिवाय रस्ता, गटार आणि दिवाबत्ती ही कामे कोणाची, याचा निर्णय घटनेने केलेला आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची सूची घटनेला जोडली गेली. ती कामे ग्रामपंचायत सदस्याची आणि नगरसेवकाची आहेत. आमदाराने ती आपल्या हाती घेतली की दोन्हीकडे नुकसान होते. गावचा सरपंच आमदाराच्या दारात याचक म्हणून उभा राहतो, आणि विधानसभेतील आमदाराची जागा रिकामी राहते. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातील या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार निवडणुकीविना प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही हीच अवस्था झाली. स्थानिक सत्ता लोकांच्या हातून गेली असताना विधानसभेतून त्याविरुद्ध जेवढे रान उठायला हवे होते, तेवढे उठले नाही. नगरसेवक नसले की नगरसेवकाचा मान आणि त्याची कंत्राटे आपल्याकडे येतात, हा हिशेब पुष्कळांना सोयीचा होता.

पाण्याची वाट विधानसभेपर्यंत

याउलट, उमेदवारीला खरे कारण असते तेव्हा ते कसे असते, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. समाजवादी चळवळीच्या घरातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. मृणाल गोरे १९७२ साली मुंबईच्या उपनगरातून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. समाजवादी पक्षाचे निवडून आलेले आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. सत्ता मिळण्याची शक्यता नव्हती आणि निधी वाटण्याची सोयही नव्हती. तरीही त्या उभ्या राहिल्या. का उभ्या राहिल्या, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या दोन दशकांच्या कामात सापडते.

वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी पक्षाच्या कामात पडलेल्या मृणालताईंनी सार्वजनिक कारभाराचा पहिला धडा गोरेगावच्या ग्रामपंचायतीत गिरवला. १९५७ साली गोरेगाव बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. १९५८ साली पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांचे निधन झाले. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून गेल्या. उपनगरे वाढत होती, गिरण्या-कारखान्यांना माणसे हवी होती, पण त्या माणसांना पाणी द्यायला व्यवस्था तयार नव्हती. हंडा मोर्चे निघाले, अधिकाऱ्यांना घेराव पडले आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच त्यांना दिले.

या लढ्याचा पुढचा टप्पा काय होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. नळ मागायला गेलेल्या झोपडीवासीयांना अधिकारी सांगत की तुमची वस्ती अनधिकृत आहे. वस्ती अधिकृत कोणती आणि अनधिकृत कोणती, हे अधिकारी ठरवीत नाही, कायदा ठरवतो. मुंबई महापालिका ज्या १८८८ च्या अधिनियमाने चालते, त्यात बदल करण्याचा अधिकार महापालिकेला नाही, तो राज्याच्या विधिमंडळाला आहे. झोपडपट्टी सुधारणेचा १९७१ चा कायदा विधिमंडळाने केला. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडून पाहिली तर स्थानिक स्वराज्य, सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा आणि जमीन हे विषय तेथे एकापाठोपाठ दिसतात. नळाच्या प्रश्नाचा माग काढीत गेलेला कार्यकर्ता वॉर्ड ऑफिसपासून महापालिकेपर्यंत आणि तेथून विधानसभेच्या दारापर्यंत अपरिहार्यपणे पोचतो. मृणालताईंची उमेदवारी ही अशी, प्रश्नाच्या मागोमाग चालत आलेली उमेदवारी होती.

त्याच वर्षी महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एकत्र आल्या, लाटणी घेऊन हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. रस्त्यावर जे बोलले जाई, ते सभागृहात नोंदले जाई, आणि सभागृहात मिळालेले उत्तर पुन्हा रस्त्यावर तपासले जाई. १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत गेल्या, तेव्हाही क्रम हाच राहिला. गर्भलिंग चाचणीच्या नावाखाली चाललेल्या स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध स्त्री-संघटनांनी मोहीम उघडली होती, आणि सभागृहात तो प्रश्न लावून धरणाऱ्यांत मृणालताई अग्रभागी होत्या. १९८८ साली महाराष्ट्राने या चाचण्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशातील तो असा पहिला कायदा होता. संसदेचा कायदा १९९४ साली झाला.

दुष्काळी तालुक्याचे कारण

हे फक्त महानगरातच घडू शकते, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याकडे पाहावे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ साली तेथून प्रथम विधानसभेत गेले आणि पुढे एकूण अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ साली त्यांचा पराभवही झाला. मंत्रिपदाचा थोडा काळ वगळता त्यांची कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. परंतु साधेपणाचे कौतुक करताना मूळ मुद्दा निसटतो. साधा माणूस अकरा वेळा निवडून येतोच असे नाही. गणपतरावांपाशी एक कारण होते आणि ते सांगोल्यातील अडाणी मानल्या गेलेल्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ होते. ते कारण म्हणजे कृष्णेचे पाणी.

पर्जन्यछायेतील तालुक्याला पाणी देणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नाही, जिल्हा परिषदेच्याही नाही. खोऱ्यातील पाण्याचे वाटप, उपसा योजनांचा खर्च, त्यांच्या विजेचा आकार, हे सारे राज्य ठरवते. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ साली विधिमंडळाच्याच कायद्याने स्थापन झाले. नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत गणपतरावांनी दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षे भरवल्या, आणि परिषदेत ठरलेली मागणी प्रश्न, लक्षवेधी आणि कपात सूचनेच्या रूपाने सभागृहात मांडली. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्व पक्षांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्यांचे कारण किती पक्षांनी उचलले, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

कायदा आणि त्यामागचा पैसा

विधानसभेत विरोधकांच्या चार-दोन आवाजांनी काय होणार, असे विचारणाऱ्यांनी रोजगार हमी कायद्याचा इतिहास आठवावा. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे आणि विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रारंभिक प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात लक्षावधी मजूर दुष्काळी कामांवर आले. काम हा हक्क आहे, उपकार नव्हे, ही घोषणा डाव्या आणि समाजवादी संघटनांनी माळरानावर खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या तोंडी रुजवली. एकीकडे हा रेटा आणि दुसरीकडे सत्ताधारी पक्षातील काहींची दूरदृष्टी, यांच्या मेळातून १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. संसदेने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव हाताशी होता.

या इतिहासातील अर्थशास्त्र अधिक बोधप्रद आहे. हक्क जाहीर करणे सोपे असते, त्यासाठी पैसा उभा करणे अवघड. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, शहरातील पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून कर घेण्यात आला, राज्याने त्यात आपली भर घातली आणि त्यातून ग्रामीण मजुराची मजुरी निघाली. शहराने खेड्याचे देणे लागते, हे तत्त्व भाषणातून उतरून करपावतीवर आले. हे काम मोर्चा करू शकत नाही, न्यायालय करू शकत नाही आणि कितीही कार्यक्षम असली तरी ग्रामपंचायतही करू शकत नाही. ते विधिमंडळातच होऊ शकते.

विधिमंडळ देते तसे काढूनही घेते. शहरातील अतिरिक्त जमिनीवर मर्यादा घालणारा १९७६ चा कायदा हाती होता म्हणून नागरी निवारा परिषदेला सामान्यांच्या घरांसाठी लढता आले, आणि गोरेगावात दिंडोशीला हजारो कुटुंबांची घरे उभी राहिली. नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचा ठराव केला. ज्या शस्त्राने लढाई चालली होती, ते शस्त्र सभागृहातील मतांनी काढून घेतले. त्या दिवशी सभागृहात जनतेच्या बाजूची माणसे संख्येने किती होती, याची किंमत शहरातील बेघर आजही मोजत आहे. झोपडीला संरक्षण देण्याची तारीख आधी १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २००० ठरली. त्यानंतर आलेल्यांना पाणी नाकारले गेले. शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि वस्ती अनधिकृत आहे म्हणून तो नाकारता येणार नाही. हंडा मोर्चांना निम्मे शतक उलटल्यावर हे घडले, आणि ते विधानसभेतून घडले नाही, हे विसरता कामा नये.

दोन आक्षेप

चळवळीतील अनेक प्रामाणिक कार्यकर्ते म्हणतात की निवडणूक हा आता पैशाचा खेळ झाला आहे, आपण त्यापासून दूर राहून लोकांत काम करावे. त्यांची व्यथा खरी आहे. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपये खर्चाची कायदेशीर मर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि बेहिशेबी खर्चाची तर मोजदादच होत नाही. परंतु डॉ. राममनोहर लोहिया यांनी मतपेटी, फावडे आणि तुरुंग ही त्रिसूत्री कार्यकर्त्यांपुढे ठेवली, तीत तिन्ही एकमेकांना बांधलेली होती. फावडे आणि तुरुंग आपण स्वीकारायचे आणि मतपेटी धनदांडग्यांकडे सोपवायची, याचा अर्थ कायदा करण्याचा अधिकार त्यांना बिनविरोध देऊन टाकणे असा होतो. मोर्चाने प्रश्न उभा राहतो. तो कोणत्या कलमात आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली सुटायचा, हे ठरवणाऱ्या खोलीत आपला माणूस नसेल, तर मोर्चाला पुन्हा पुन्हा त्याच दारावर यावे लागते.

दुसरा आक्षेप असा की राज्यांचे अधिकारच आता आक्रसले आहेत. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचा मोठा प्रांत राज्यांच्या हातून गेला, हे खरे आहे. परंतु मुद्रांक शुल्क, मद्यावरील शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि जमीन महसूल अजून राज्याकडे आहेत, आणि जमीन, पाणी, शेती व सार्वजनिक आरोग्य हे विषयही आहेत. सामान्य माणसाच्या जगण्याला रोज स्पर्श करणारा बहुतेक भाग यातच येतो. राज्याचे हात बांधले जात असतील, तर ते सोडवण्याची मागणीही प्रथम राज्याच्या विधानसभेतूनच उठली पाहिजे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या उमेदवारांना उमेदवारीचे कारण कोणी विचारले नाही, कारण ते महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक होते. त्या कारणाच्या बळावर राज्याचा नकाशा बदलला.

तीन कसोट्या

म्हणून पुरोगामी पक्षांनी आणि संघटनांनी उमेदवार ठरवताना त्याला तीन गोष्टी लेखी विचारल्या पाहिजेत. पहिली, त्याच्या भागातील असा कोणता प्रश्न आहे की जो ग्रामपंचायतीत वा पालिकेत सुटत नाही आणि ज्यासाठी कायद्यात अथवा अर्थसंकल्पात बदल करावा लागेल? दुसरी, त्या प्रश्नावर तो स्वतः किती वर्षे लोकांबरोबर चालला आहे? कारण निवडणुकीच्या आदल्या महिन्यात सापडलेले कारण निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरवते. तिसरी, बदलासाठी लागणारा पैसा कोणाकडून येईल, हे सांगण्याचे धैर्य त्याच्यात आहे काय? कोणाला काय देणार, याची यादी सगळेच पक्ष वाचतात. कोणाकडून घेणार, हे सांगणारा उमेदवार दुर्मीळ आहे, आणि समाजवादी म्हणवणाऱ्याची खरी ओळख तेथेच पटते.

ही उत्तरे देणारा उमेदवार हरू शकतो. मृणाल गोरे आणि गणपतराव देशमुख दोघेही हरले होते. पण कारण घेऊन लढणारा हरला तरी प्रचाराच्या वीस दिवसांत शंभर गावांना तो एक प्रश्न शिकवून जातो, आणि पुढच्या लढ्याचे कार्यकर्ते त्याच गावांतून उभे राहतात. कारण नसलेला उमेदवार हरला तर मागे कर्ज उरते, आणि जिंकला तर पक्षांतराच्या बाजारात आणखी एक नग वाढतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने आमदारांची जी पळापळ पाहिली, तिचे निदान केवळ पैसा आणि दहशत या दोन शब्दांत होत नाही. ज्याच्यापाशी विधानसभेत जाण्याचे कारणच नव्हते, त्याच्यापाशी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर न जाण्याचे कारण तरी कोठून असणार?

पुढील निवडणुकीस अजून अवधी आहे. तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी उमेदवाराचा शोध घेण्यापूर्वी आपल्या भागाचे कारण शोधावे, त्याचा कायदा वाचावा, त्याच्या खर्चाचा आकडा काढावा आणि ते घेऊन लोकांत जावे. कारण पक्के झाले की त्यासाठी लढत आलेला माणूस बहुधा त्याच मोर्चात, पहिल्या रांगेत नसला तरी दुसऱ्या रांगेत, चालताना आढळतो. उमेदवारी त्याला द्यावी.